दोन सेकंदांचा इतिहास

गेल्या दिवाळीत लातूरला घरी गेलो, तेव्हा मी ज्या ॲपवर काम करतो ते आईच्या फोनमध्ये टाकून दिलं. तिनं आयकॉनवर बोट टेकवलं. पांढरी स्क्रीन आली आणि तशीच राहिली. थोडं थांबून ती म्हणाली, “माझंच काही चुकलं का रे?” पुण्यात ऑफिसच्या महागड्या फोनवर तेच ॲप झटकन उघडायचं.

ते वाक्य डोक्यातून जाईना. ‘उशीर’ म्हणजे नेमका किती, हे आधी कोणी ठरवलं, ते शोधत मी १९६८ पर्यंत मागे गेलो. त्या वर्षी आयबीएमच्या रॉबर्ट मिलरनं एक शोधनिबंध लिहिला. संगणक तेव्हा खोलीभर असायचे, पण मिलरनं त्यांच्या वापराकडे संवाद म्हणून पाहिलं. आपण काही विचारलं आणि समोरचा गप्पच राहिला, तर आपण अस्वस्थ होतो. यंत्राच्या बाबतीतही तेच. शांतता साधारण दोन सेकंदांच्या पुढे गेली की विचारांची साखळी तुटते.

पुढे लोकांनी याचा सोयीचा अर्थ काढला: दोन सेकंद चालतात, तेवढ्यात माणूस पुढचा विचार करतो. १९८२ मध्ये आयबीएमच्याच डोहर्टी आणि थडानी यांनी हा समज खोडला. पुढचं पाऊल माणसाच्या डोक्यात आधीच तयार असतं, वाट बघताना ते निसटतं. उत्तर लवकर आलं, तर वाचलेल्या वेळेपेक्षाही जास्त काम होतं.

मोबाइल आल्यावर हिशेब मिलिसेकंदांवर आला. २०१२ मध्ये गूगलनं अँड्रॉइड ४.१ साठी ‘प्रोजेक्ट बटर’ हाती घेतला. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद. त्यात चित्र तयार झालं नाही, की स्क्रोल करताना झटका बसलाच.

पण मला सगळ्यात जवळची वाटली ती २०१३ ची गोष्ट. फेसबुकची काही माणसं आफ्रिकेत गेली आणि तिथले फोन, तिथलं नेटवर्क घेऊन स्वतःचंच ॲप वापरू लागली. ॲप रखडलं, मेमरी संपून बंद पडलं. महिन्याचा डेटा ४० मिनिटांत संपला. त्यानंतर ॲप हलकं करायचं काम जोरात सुरू झालं. २०१५ मध्ये तर त्यांनी दर मंगळवारी कर्मचाऱ्यांना तासभर टूजीसारख्या वेगात ॲप वापरून बघायची सोय केली.

दिवाळीनंतर मी आईसारखाच फोन विकत घेऊन ऑफिसच्या टेबलावर ठेवला. ॲप उघडताना आम्ही काय काय ओझं उचलत होतो, ते त्यावर दिसलं: जाहिरातींचा कोड, वापराची मोजदाद, मोठाले फोटो. यातलं पहिल्या स्क्रीनसाठी काहीच लागत नव्हतं. ते सगळं मागे ढकललं, फोटो लहान केले, नवी माहिती येईपर्यंत आधी साठवलेली दाखवायला लागलो.

आता आईच्या फोनवर ॲप पटकन उघडतं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र इतकंच हवं होतं, की चूक आपली आहे असं तिला पुन्हा वाटू नये.