हुमणीवरची बुरशी: नवं म्हणून विकलं जाणारं जुनं औषध

वळवाचे एक-दोन पाऊस झाले की दिवेलागणीला बांधावरच्या कडुलिंबावर आणि बाभळीवर तपकिरी भुंगेरे घोंगावायला लागतात. हे हुमणीचे आईबाप. रात्री पाला खायचा, जोडी जमवायची आणि उजाडायच्या आत परत मातीत शिरायचं, एवढाच त्यांचा उद्योग. मादी मातीत अंडी घालते. जुलैत अळी इतकी बारीक असते की भांगलताना दिसतही नाही. सप्टेंबरात ती बोटाएवढी जाड होते, उसाची मुळं कुरतडते, आणि मग पिवळं पडलेलं बेट ओढलं की सगळंच्या सगळं हातात येतं. कृष्णा-वारणेच्या काठाला एक जात, माळाला दुसरी. माण-खटावकडे ऊस कमी, तर तिथं भुईमुगाला लागते. २०१८ च्या पावसाळ्यात आपल्या सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात हिनं कितीतरी फड वाळवले. त्यात आपल्या बायकांनी गटातून कर्ज काढून लावलेला ऊसही होता.

आता कृषी सेवा केंद्रात गेलं की 'नवीन जैविक औषध' म्हणून एक पुडा पुढं करतात. मेटारायझियम त्याचं नाव. हे औषध जवळजवळ दीडशे वर्षांचं आहे, आणि त्याची गोष्ट आपल्याला कुणी सांगितलेली नाही, म्हणून आज सांगते.

काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा नावाचं शहर आहे, तेव्हा ते रशियाच्या राज्यात होतं. त्या भागात गव्हाला एक भुंगेरा लागायचा, हुमणीच्याच भाऊबंदांतला. त्याचीही अळी मातीतच असायची. इल्या मेचनिकॉव्ह नावाच्या शास्त्रज्ञाला त्यातल्या काही अळ्या मरून हिरव्या बुरशीनं झाकलेल्या दिसल्या. १८७९ मध्ये त्यानं लिहिलं, की ही बुरशी वाढवून शेतात टाकली तर किडीलाच रोग लावता येईल. दारू गाळताना धान्याचा जो आंबवण उरतो तशावर त्यानं ती वाढवूनही पाहिली. याच माणसाला पुढे १९०८ मध्ये नोबेल मिळालं, पण ते शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीच्या कामाबद्दल. १८८४ मध्ये त्याच्या मागून आलेल्या क्रासिलश्चिकनं स्मेला गावी बुरशीचा छोटा कारखानाच काढला आणि चार महिन्यांत सुमारे ५५ किलो बीजाणू तयार केले. वीज नाही, फ्रीज नाही, त्या काळात! मला तर हे वाचून आपल्या गटाच्या पापड-मसाल्याच्या खोलीची आठवण झाली.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. १९१६ मध्ये न्यू जर्सीत एक जपानी भुंगेरा सापडला. त्याची अळी तिथल्या बंगल्यांपुढची हिरवळ मुळापासून खायची. १९२९ मध्ये गोल्फच्या एका मैदानातल्या मेलेल्या अळ्यांमध्ये ग्लेझर नावाच्या माणसाला डोळ्यांना जेमतेम दिसणारे सूक्ष्म कृमी सापडले. असे कृमी अळीच्या अंगात शिरतात, आपल्या पोटातले जिवाणू तिथं सोडतात आणि अळी दोन-तीन दिवसांत मरते. त्याच सुमारास तिथं अळीला दुधासारखी पांढरी करून मारणारा एक जिवाणूही सापडला. १९३९ पासून सरकारनं त्याची पावडर गावोगाव टाकली. तो मात्र त्या जपानी भुंगेऱ्यापुरताच, आपल्या हुमणीला तो चालत नाही.

मग हे सगळं मागं का पडलं? दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि बीएचसी आले. स्वस्त, आणि टाकलं की दुसऱ्या दिवशी मेलेलं दिसतं. बुरशीला आठवडा-दोन आठवडे लागतात, तेवढा धीर कुणाला? आपल्याकडे बीएचसीची पावडर आणि नंतर फोरेटचे दाणे, म्हणजे आपलं थायमेट, सरीत टाकायचं काम बहुतेक बाईचंच. हातमोजे कुठले, ओच्यातनं मूठ भरून टाकायचं आणि त्याच हातानं दुपारची भाकरी मोडायची. बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली, फोरेटवर २०२० च्या अखेरीस. इतकी वर्षं आपण ते हातानं पसरलं, हे मला विसरता येत नाही.

आपल्या देशातही काम झालंय. १९९२ मध्ये कोइमतूरच्या कृमीची नोंद झाली, त्याला नावच 'इंडिका' पडलं. आज बंगळूरची राष्ट्रीय संस्था त्याची पावडर करते.

आता कामाचं. बुरशीचा बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो, तिथं रुजतो आणि आत शिरतो. त्याला ओल लागते आणि लहान अळी लागते. म्हणून चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पावसाच्या सुरुवातीला, जून-जुलैत, मुळाशी द्यायची. कृमींना तर ऊन अजिबात सोसत नाही, ते संध्याकाळी, ओल्या रानात. सप्टेंबरात बेटं पिवळी पडल्यावर पुडा आणून जादू होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पुडा जिवंत असतो: तारीख बघा, पत्र्याखाली तापलेल्या दुकानातला घेऊ नका. गेल्या वर्षी आमच्या गटाला एका दुकानदारानं मुदत संपलेले पुडे द्यायला काढले होते, आम्ही तारीख वाचली म्हणून वाचलो. प्रमाण पुड्यावरच लिहिलेलं असतं.

बिव्हेरिया नावाची पांढरी बुरशीही मिळते. ती इटलीच्या बासीनं १८३५ मध्ये रेशमाच्या किड्यांवर ओळखली होती, तेव्हा ज्यांच्या घरी तुती आणि रेशीम आहे त्यांनी ती जवळपासही आणू नये.

आणि भुंगेरे. एकीनं बुरशी टाकली आणि शेजारच्या बांधावरची बाभूळ तशीच राहिली, तर पुढच्या वर्षी पहिले पाढे पंचावन्न. वळीव झाल्यावर चार-पाच रात्री साऱ्या शिवारानं मिळून फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. हे एका घराचं काम नव्हेच, गटाचंच आहे. बैठकीत बचतीचा हिशोब झाला की मे महिन्यातच रात्री वाटून घ्या.

दिवाळीच्या सुमाराला सरीत खणून बघा. अळी कडक झालेली आणि अंगावर हिरवं पीठ पडल्यासारखी दिसली, तर ती मेटारायझियमनं मेलेली. तिला बांधावर फेकू नका, तिथंच मातीत दाबा. तिच्या अंगावरचं ते पीठ म्हणजे पुढच्या अळ्यांसाठीचं बियाणं आहे.