अंथरूण ओले होणे : बालकाचा दोष नव्हे, वाढीचा एक टप्पा

वयाची पाच वर्षे पूर्ण झाल्यानंतरही मुलाला झोपेत नकळत लघवी होत राहिली, तर वैद्यकशास्त्र त्या अवस्थेस ‘एन्युरेसिस’ म्हणते. आयुर्वेदात तिला ‘शय्यामूत्र’ ही संज्ञा आहे. पाच वर्षांपूर्वी असे होणे हा आजार मानला जात नाही, कारण रात्रभर लघवी रोखून धरण्याची क्षमता प्रत्येक मुलात आपापल्या गतीने विकसित होते. कोणी तिसऱ्या वर्षी रात्री कोरडे राहू लागते, तर कोणी आठव्या वर्षी.

ही समस्या वाटते त्याहून फार सर्वसामान्य आहे. पाच वर्षांच्या सुमारे १५ टक्के मुलांना आणि दहा वर्षांच्या सुमारे ५ टक्के मुलांना ती असते. तीस मुलांच्या पहिलीच्या वर्गात अशी चार-पाच मुले असू शकतात. मुलांमध्ये तिचे प्रमाण मुलींपेक्षा साधारण दुप्पट आढळते. कोणताही उपचार न करता दरवर्षी शंभरातील सुमारे पंधरा मुले आपोआप बरी होतात. तरीही घराघरांत हा विषय दडवून ठेवला जातो आणि प्रत्येक मुलाला वाटते की, असे घडणारे जगात आपण एकटेच आहोत.

कारणे

या अवस्थेमागे प्रामुख्याने तीन गोष्टी असतात. पहिली संप्रेरकाची. रात्री मेंदूतील पीयूषिका ग्रंथीतून ‘व्हॅसोप्रेसिन’ हे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवते आणि मूत्रपिंडे कमी लघवी तयार करतात. काही मुलांत ही व्यवस्था उशिरा परिपक्व होते, त्यामुळे रात्रीही दिवसाइतकीच लघवी तयार होत राहते. दुसरी मूत्राशयाची. मुलाच्या वयात एक मिळवून येणाऱ्या संख्येस तीसने गुणले असता मूत्राशयाची अपेक्षित क्षमता मिलिलिटरमध्ये मिळते. सहा वर्षांच्या मुलात ती सुमारे २१० मिलिलिटर असते. काही मुलांचे मूत्राशय त्याहून कमी लघवीनेच आकुंचन पावू लागते. तिसरी गोष्ट जागे होण्याची. मूत्राशय भरल्याचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचूनही मूल जागे होत नाही. यांपैकी एकही गोष्ट मुलाच्या इच्छेवर अवलंबून नाही.

आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाला बालपणी हा त्रास झाला असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के असते. दोघांनाही झाला असेल, तर ती सुमारे ७७ टक्क्यांपर्यंत जाते. याखेरीज बद्धकोष्ठता हे एक दुर्लक्षित कारण आहे. मलाशय भरलेले असले की त्याचा दाब शेजारच्या मूत्राशयावर पडतो. अनेकदा केवळ पोट नियमित साफ होऊ लागल्यानेही रात्रीचा त्रास कमी होतो.

काय टाळावे

रागावणे, मारणे, ओले अंथरूण भावंडांसमोर दाखवणे, ‘एवढा मोठा झालास तरी’ असे हिणवणे, यांपैकी कशानेही मूल लवकर कोरडे राहू लागत नाही. झोपेत घडलेल्या गोष्टीची शिक्षा जागेपणी दिली, तर मूल त्यातून भीती आणि लपवाछपवी एवढेच शिकते. ओले कपडे कपाटामागे दडवणारे मूल आळशी नसते, घाबरलेले असते.

मध्यरात्री मुलाला उचलून शौचालयात नेण्याची पद्धत बहुतेक घरांत असते. त्याने त्या रात्रीपुरती गादी वाचते, परंतु मूत्राशय भरल्यावर आपणहून जागे होण्यास मूल त्यातून शिकत नाही. दिवसभर पाणी कमी देणे हाही उपाय नव्हे, कारण त्याने बद्धकोष्ठता वाढते. रात्री तीळ-गूळ खाऊ घालण्यासारखे घरगुती उपाय निरुपद्रवी असले, तरी त्यांच्या परिणामास शास्त्रीय आधार नाही.

दिनक्रमातील बदल

चार ते आठ वर्षांच्या मुलाने दिवसभरात साधारण १००० ते १४०० मिलिलिटर द्रवपदार्थ घ्यावेत, असे ब्रिटनमधील ‘नाईस’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. यातील मोठा भाग सकाळी आणि दुपारी घ्यावा. शाळेत पाण्याची बाटली न उघडणारे मूल संध्याकाळी घरी येऊन एकदम भरपूर पाणी पिते आणि त्याचा परिणाम रात्री दिसतो. चहा, कोला आणि चॉकलेटयुक्त पेये संध्याकाळनंतर टाळावीत. दिवसातून चार ते सात वेळा, घाई न करता, लघवीस जाण्याची सवय लावावी. झोपण्यापूर्वी एकदा अवश्य जावे. शौचालयापर्यंतच्या वाटेवर मंद दिवा असावा.

गादीवर जलरोधक आवरण घालून वर दुसरी चादर आणि बाजूला कोरडे कपडे तयार ठेवल्यास मध्यरात्रीचा गोंधळ टळतो. ओली चादर धुण्याच्या यंत्रात टाकण्यास मुलाने हातभार लावावा, मात्र ती शिक्षा वाटता कामा नये. बक्षीस द्यायचे असेल, तर कोरड्या रात्रीसाठी देऊ नये, कारण ती मुलाच्या हाती नसते. वेळेवर पाणी पिणे, झोपण्यापूर्वी लघवीस जाणे अशा त्याच्या हातातील गोष्टींसाठी ते द्यावे.

उपचार

दिनक्रम सुधारूनही त्रास कायम राहिला आणि मुलाला त्याचे दुःख होत असेल, तर दोन प्रमुख उपचार उपलब्ध आहेत. पहिला अलार्मचा. अंतर्वस्त्रात किंवा चादरीखाली बसवलेला संवेदक ओलावा लागताच घंटा वाजवतो आणि मूल जागे होते. काही आठवड्यांत मेंदू घंटेपूर्वीच मूत्राशयाचा संदेश ओळखू लागतो. या पद्धतीचा वापर १९३८ पासून नोंदला गेला आहे. सुमारे दोन-तृतीयांश मुलांना अलार्म वापरत असताना तिचा लाभ होतो. मात्र दोन ते तीन महिने चिकाटी लागते आणि आरंभी पालकांनाच उठून मुलाला जागे करावे लागते. सलग चौदा रात्री कोरड्या गेल्यावर अलार्म थांबवण्याचा विचार केला जातो.

दुसरा उपचार ‘डेस्मोप्रेसिन’ या औषधाचा. ते व्हॅसोप्रेसिनसारखे कार्य करते आणि रात्रीची लघवी घटवते. शाळेची सहल किंवा मित्राकडील मुक्काम अशा ठरावीक रात्रींसाठी ते विशेष उपयोगी पडते. मात्र औषध घेण्यापूर्वी एक तासापासून नंतरच्या आठ तासांपर्यंत पाणी अत्यल्प घ्यावे लागते, अन्यथा रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते. ताप, उलट्या किंवा जुलाब असताना हे औषध थांबवावे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याविना कधीही देऊ नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

किमान सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागल्यास तपासणी आवश्यक आहे. घरात नवे बाळ येणे, शाळा किंवा देश बदलणे, छळ किंवा भीती ही त्यामागची कारणे असू शकतात. मूत्रमार्गाचा संसर्ग हेही एक कारण असते. त्यासोबत सतत तहान लागणे, वारंवार भरपूर लघवी होणे, वजन घटणे आणि थकवा ही लक्षणे असल्यास पहिल्या प्रकारच्या मधुमेहाची शक्यता असते. अशा वेळी त्याच दिवशी रक्तातील साखर तपासावी. दिवसाही कपडे ओले होणे, लघवी करताना जळजळ, मोठ्याने घोरणे, पायांतील अशक्तपणा किंवा नकळत शौचास होणे ही लक्षणेही दुर्लक्षू नयेत. सात वर्षांखालील मुलांनाही केवळ वयामुळे उपचार नाकारू नयेत, असे ‘नाईस’चे मत आहे.

मायदेशीची सुट्टी

परदेशस्थ कुटुंबांतील मुलांची खरी परीक्षा अनेकदा सुट्टीत होते. लांबचा विमानप्रवास, झोपेचे बिघडलेले वेळापत्रक आणि अनोळखी घर यांमुळे एरवी कोरड्या राहणाऱ्या मुलाचेही अंथरूण ओले होऊ शकते. आजोळी एका खोलीत ओळीने गाद्या घातलेल्या असतात आणि चुलत-मामे भावंडांची थट्टा क्षणात सुरू होते. जलरोधक चादर सामानात असावी, मुलाची झोपण्याची जागा आई-वडिलांजवळ ठेवावी आणि आजी-आजोबांना आधीच विश्वासात घ्यावे. औषध सुरू असल्यास भारतात पोट बिघडण्याची शक्यता ध्यानात ठेवून ते केव्हा थांबवायचे, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

याच भेटीत आणखी एक गोष्ट साधता येते. आनुवंशिकता पाहता, अशा घरात एखादा काका, मावशी किंवा खुद्द वडील लहानपणी याच त्रासातून गेलेले असण्याची शक्यता बरीच असते. मात्र कोणी ते कधी बोललेले नसते. ‘मलाही असे व्हायचे, पुढे आपोआप थांबले’ हे वाक्य जवळच्या मोठ्या माणसाकडून ऐकायला मिळाले, तर आपण एकटे नाही हे मुलाला कळते. बहुतेक मुलांचे अंथरूण आज ना उद्या कोरडे होतेच. तोवर मुलाच्या मनात लाज घर करू नये, एवढे मोठ्यांच्या हाती निश्चित आहे.