'हा टाइपरायटर नाही': एरर नंबर 25 ची गोष्ट

आजचा एपिसोड 'नाही' म्हणण्याबद्दल आहे. तुमच्या फोनमधला कर्नल दिवसभर कुणाला ना कुणाला नाही म्हणत असतो, आणि ते कसं म्हणायचं यावरून मोठमोठे वाद झालेत.

1971 सालचं बेल लॅब्जचं युनिक्स घ्या. तेव्हा टर्मिनल म्हणजे टेलिटाइप. कळा बडवायच्या, कागदावर अक्षरं उमटायची, थोडक्यात विजेवर चालणारा टाइपरायटर. त्याचं सेटिंग करायला एसटीटीवाय आणि जीटीटीवाय असे दोन सिस्टीम कॉल होते. पण बाकीच्या डिव्हाइसच्या मागण्या वेगळ्या. म्हणून 1979 च्या सातव्या आवृत्तीत सगळ्यांसाठी एकच दार आलं: आयओसीटीएल. वाचणं-लिहिणं सोडून डिव्हाइसकडून जे करून घ्यायचंय त्याला एक नंबर द्या आणि या दारातून आत पाठवा.

आता ड्रायव्हरला तो नंबर ओळखताच आला नाही तर? तर एरर 25, ईनॉटटीटीवाय. मजकूर काय, तर 'हा टाइपरायटर नाही'. गंमत अशी, की सी लायब्ररी साध्या फाइललाही गुपचूप विचारून बघते, बाई तू टर्मिनल आहेस का? फाइल 25 देते, तो आकडा तसाच पडून राहतो. नंतर दुसरंच काही बिघडलं की आळशी प्रोग्राम तोच छापून मोकळा! आजच्या लिनक्सवर मजकूर बदललाय, आकडा आणि नाव मात्र तेच.

तुम्ही म्हणाल, नकार तो नकार, आकड्याने काय फरक पडतो? पडतो ना. तहसीलच्या खिडकीवर 'हा अर्ज इथे घेत नाहीत' आणि 'अर्ज चुकीचा भरलाय' ही दोन वेगळी उत्तरं आहेत. पहिल्यात तुम्ही दुसरी खिडकी शोधता, दुसऱ्यात फॉर्म पुन्हा भरता. पहिलं म्हणजे 25, दुसरं म्हणजे 22, ईइनव्हॅल. लिनक्सचा गाभाच कितीतरी वर्षं काही ठिकाणी 25 च्या जागी 22 देत होता. लिनस टोरवाल्ड्सने ते जानेवारी 2012 मध्ये दुरुस्त केलं.

पण खरी भीती चुकीच्या नकाराची नाही, नकारच न देण्याची. त्याच महिन्यात रेड हॅटच्या पाओलो बोंझिनीने केलेला एक पॅच कर्नलमध्ये गेला. झालं असं होतं, की डिस्कच्या एका पार्टिशनवर आलेली काही स्कझी आयओसीटीएल कर्नल न अडवता थेट मूळ डिस्ककडे ढकलत होता. म्हणजे समजा व्हर्च्युअल मशीनला तुम्ही एकच पार्टिशन दिलंय. तर त्या मशीनमधला माणूस अख्खी डिस्क वाचू शकत होता, लिहूही शकत होता! वाड्यातली एक खोली भाड्याने दिली आणि किल्ली सगळ्या खोल्यांना लागली, असा प्रकार. दुरुस्ती काय? पार्टिशनवर अशा विनंत्या नाकारा. बस्स.

त्याच वर्षी डिसेंबरात वेबकॅमच्या ड्रायव्हरने एका नकाराचा आकडा बदलून 'अशी फाइल नाही' या अर्थाचा एरर द्यायला सुरुवात केली, आणि काही प्रोग्राम अडकतात अशी तक्रार आली. मेंटेनरने दोष प्रोग्रामवर ढकलला. टोरवाल्ड्स भडकला. त्याचं म्हणणं, तो एरर फाइलच्या पत्त्यांसाठी आहे, आयओसीटीएलसाठी नाहीच, आणि कर्नल बदलल्याने चालता प्रोग्राम मोडला तर चूक कर्नलची. त्याची भाषा शिवराळ होती, मला ती पटत नाही. मुद्दा शंभर टक्के पटतो.

आता हातातल्या फोनकडे या. 2016 च्या अँड्रॉइड नोगटपासून ॲपला सॉकेटवरच्या मोजक्याच आयओसीटीएलची परवानगी आहे. यादीत नसलेला नंबर पाठवलात तर एसई-लिनक्स वाटेतच अडवतं, ड्रायव्हरपर्यंत तो पोचतच नाही.