सिग्नल कोअर ते सर्व्हर रूम

आजचा इतिहास थोडा माझ्याही घरचा. 15 फेब्रुवारी 1911 ला आपल्या लष्करातली सिग्नल कोअर सुरू झाली. तेव्हा निरोप तारेनं जायचे, झेंड्यांनी जायचे, आरशावर ऊन चमकवूनही जायचे. मी जबलपूरला ट्रेनिंग घेतलं तेव्हा रेडिओ होते, केबल होती. पण धडा जुनाच. लाइन तुटणारच, दुसरी आधी टाकून ठेव!

रिटायर झाल्यावर मुलाखतीला गेलो. समोरचा म्हणाला, "काका, गार्डची जागा भरली." म्हटलं, "मी नेटवर्कसाठी आलोय. तुमची ही एकच लाइन तुटली तर दुसरा रस्ता कुठला?" उत्तर नव्हतं. दुसरी लाइन पुढे मीच टाकून घेतली.