स्पॅम शिकवणारं बटण

ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहमने लिहिलं: स्पॅम पकडायला हाताने नियम लिहीत बसू नका, शब्द मोजा. त्याच वर्षी एरिक रेमंडने बोगोफिल्टर लिहिला. टर्मिनलमध्ये मट वापरणाऱ्यांचं फावलं! मॅक्रो लावला की एका बटणावर मेल फिल्टरकडे: 'हा स्पॅम'.

पण तेवढेही कष्ट नकोत म्हणून फिल्टरला स्वतःच्याच निकालावरून शिकायची सोय आहे. इथे गोम बघा. स्पॅमला त्याने चांगला मेल ठरवलं, तर तो तेच शिकतो आणि पुढे आणखी खात्रीने चुकतो. म्हणून तुमच्या दुरुस्तीच्या बटणाने आधी जुनी नोंद पुसायची, मग नवी करायची. पुसणं राहिलं, तर एकच मेल दोन्ही बाजूंना मोजला जातो.