बापाचा रकाना

सल्फासलाझीन हे औषध स्वीडनच्या डॉक्टर नान्ना स्वार्ट्झ यांनी सांधेदुखीच्या रुग्णांसाठी पुढे आणले. १९४०च्या दशकात ते वापरात आले आणि लवकरच आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसवर हमखास दिले जाऊ लागले. ते पुरुषाच्या शुक्राणूंना बाधते, हे मात्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले ते थेट १९७९ साली. एवढा उशीर साधनांअभावी झाला म्हणावे, तर वीर्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून शुक्राणू मोजणे तेव्हाही अवघड नव्हते. शिवाय हा आजार बहुधा ऐन तारुण्यात गाठतो, म्हणजे गोळ्या घेणाऱ्यांत लग्नाच्या वयाचे पुरुष भरपूर होते. मूल होत नसेल तर तपासणी आधी बायकोची, हा रिवाज लंडनपासून लातूरपर्यंत सारखाच होता. औषध लिहून देणाऱ्यांच्या कागदावर बापाचा रकानाच नव्हता, असे माझे मत आहे.

प्रश्न एकदा विचारला गेल्यावर उत्तर मिळायला वेळ लागला नाही. या पुरुषांचे शुक्राणू संख्येने कमी, चालीने मंद आणि आकाराने बेढब दिसत. औषध थांबवले की दोन-तीन महिन्यांत सुधारत, आणि काहींच्या पत्नींना दिवसही गेले. शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्याच्याशी हा हिशेब जुळतो. सल्फासलाझीन म्हणजे दोन रेणूंची जोडगोळी. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यातला बंध तोडतात. त्यांपैकी मेसालाझीन बहुतांशी आतड्यातच राहून काम करते, तर सल्फापायरिडीन रक्तात उतरते. आझाद खान आणि ट्रूलव्ह यांनी ऑक्सफर्डला हे दोन घटक रुग्णांना एनिमातून वेगवेगळे देऊन पाहिले आणि गुण मेसालाझीनचा आहे, हे १९७७ मध्येच दाखवले होते. शुक्राणूंचा दोष दुसऱ्या घटकाकडे गेला, आणि निव्वळ मेसालाझीनवर गेलेल्या पुरुषांची वीर्यतपासणी पुन्हा जागेवर आली. उपचार न सोडता बाप होता येते, हे अशा रीतीने सिद्ध झाले.

यावर कोणी म्हणेल, जीव वाचवण्याच्या घाईत वंशाचा विचार कोण करतो? सायक्लोफॉस्फमाइड या जहाल औषधाच्या बाबतीत या म्हणण्यात तथ्य आहे. मूत्रपिंडाच्या आजारात ते घेणाऱ्या पुरुषांचे शुक्राणू पार नाहीसे होऊ शकतात, हे १९७२ साली मेलबर्नच्या फेअरली आणि सहकाऱ्यांनी दाखवले. एकूण मात्रा जितकी जास्त, तितकी ते परत येण्याची आशा कमी. पण गोठवलेल्या वीर्यापासून मानवी गर्भधारणा १९५३ सालीच अमेरिकेत झाली होती. उपचाराआधी नमुना जपून ठेवायला फार वेळ लागत नाही. रुग्णाला ते कुणीतरी सांगावे मात्र लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गरोदरपणी घेतलेल्या थॅलिडोमाइडने १९६१ पर्यंत बाळांमध्ये जी व्यंगे घडवली ती पाहता, पुरुषांनाही सरसकट मनाई केलेली बरी नव्हे का? पण इथे दोन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात भरले जातात. औषधाने शुक्राणू घटतात का, हा एक. आणि त्या बापाच्या मुलात जन्मजात दोष येतो का, हा दुसरा. सल्फासलाझीन पहिल्यात अडकते. संधिवातावर मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या पुरुषांना दुसऱ्याच्या भीतीने तीन महिने आधी औषध बंद करायला सांगत. त्या काळात सांधे पुन्हा सुजत, ही किंमत कुणी हिशेबात धरली नाही. पुढे बापांच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा त्या भीतीला आधार सापडला नाही, आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शिकेत, ठामपणे नसले तरी, ते चालू ठेवायला हरकत नाही असे म्हटले. सायक्लोफॉस्फमाइड आणि थॅलिडोमाइडबद्दलची मनाई त्याच मार्गदर्शिकेत ठाम राहिली. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या मायकोफिनोलेटचे उदाहरण तर बोलके आहे: युरोपीय औषध यंत्रणेने २०१५ मध्ये पुरुषांवर निरोधाची सक्ती सुचवली आणि २०१७ मध्ये ती सैल करून पुरुष किंवा जोडीदार, दोघांपैकी एकाने गर्भनिरोधक वापरावे, एवढ्यावर आणली. दोन वर्षांत औषध बदलले नव्हते. उपलब्ध नोंदी नीट वाचल्या गेल्या होत्या.