उणे उत्तर खोडलं नाही म्हणून

शाळेतलं गणित आठवतंय का? चौरस वाफ्याचं क्षेत्रफळ नऊ, तर बाजू तीन. पण उणे तीनचा वर्गही नऊच येतो. वाफ्याची बाजू उणे कशी असेल? म्हणून आपण ते उत्तर खोडायचो. आजची गोष्ट ते न खोडणाऱ्या माणसाची.

इंग्लंडमधल्या केंब्रिजचे पॉल डिरॅक. 1928 साली, पंचविसाव्या वर्षी, त्यांनी इलेक्ट्रॉनचं समीकरण मांडलं. इलेक्ट्रॉन म्हणजे ऋण विद्युतभाराचा अतिसूक्ष्म कण. तारेतली वीज वाहते ती यांच्यामुळेच. समीकरण प्रयोगांशी छान जुळलं. पण त्यातून आणखी उत्तरं निघाली, शून्याहून कमी ऊर्जेची. आता याचा अर्थ काय लावायचा?

डिरॅक म्हणाले, या उणे जागा सगळ्या भरलेल्याच आहेत, म्हणून जाणवत नाहीत. फडताळात भांडी खच्चून भरलेली असली की नजर जात नाही, एक काढलं की रिकामी जागा डोळ्यात भरते, तसंच. ऋण कणाची रिकामी जागा धन कणासारखी वागणार. आधी त्यांना वाटलं, हा प्रोटॉन असावा. पण प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे 1836 पट जड, आणि गणित म्हणत होतं वजन सारखंच हवं. 1931 साली त्यांनी लिहून टाकलं: इलेक्ट्रॉनएवढाच, पण धन भाराचा नवा कण असला पाहिजे. तोवर तो कुणी ओळखला नव्हता. नुसत्या कागदावरच्या हिशेबावर एवढं बोलायला धाडस लागतं, असं मला वाटतं.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1932 मध्ये, अमेरिकेत कार्ल अँडरसन आकाशातून येणाऱ्या किरणांचे फोटो काढत होते. त्यांच्या यंत्रातल्या दमट हवेत कण गेला की थेंबांची बारीक रेघ उमटायची. चुंबकामुळे ऋण कण एका बाजूला वळे, धन दुसऱ्या. मध्ये 6 मिलिमीटर जाड शिशाचा पत्रा होता. पत्रा ओलांडला की कण मंदावतो आणि जास्त वळतो, त्यावरून तो कुठून कुठे गेला ते कळतं. एका फोटोतला कण चक्क खालून वर गेला होता, वळला धन कणासारखा, आणि प्रोटॉनपेक्षा फारच हलका होता. गंमत म्हणजे अँडरसन डिरॅकचा कण शोधतच नव्हते! त्याचं नाव पडलं पॉझिट्रॉन.

पॅरिसमध्ये मेरी क्यूरींची लेक इरेन आणि तिचा नवरा फ्रेडरिक यांना अशा रेघा आधीच दिसल्या होत्या. त्यांना वाटलं, उलट दिशेनं येणारे इलेक्ट्रॉन असतील. पण 1934 मध्ये याच जोडप्यानं पॉझिट्रॉन सोडणारे पदार्थ स्वतः तयार केले, आणि पुढच्या वर्षी नोबेल मिळवलं.

कर्करोगासाठी डॉक्टर ‘पेट स्कॅन’ सांगतात ना, त्यात हाच कण असतो. साखरेसारखं औषध शिरेतून देतात. गाठ बहुधा ते जास्त ओढून घेते. त्यातला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटला की दोघंही नाहीसे होतात, दोन किरण विरुद्ध दिशांना सुटतात आणि यंत्र ते टिपतं. या औषधाचा किरणांचा जोर सुमारे 110 मिनिटांत निम्मा होतो. म्हणून दिलेली वेळ चुकवू नका. साखरेचा आजार असेल, गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर तपासणीआधीच सांगा.